रावळपिंडी : डाकबोटीची युद्धनौका आणि २३ नोव्हेंबर १९३९ची संध्याकाळ

दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून निघाले ते 'राजपुताना' बोटीने, दुसऱ्या वर्गातून. त्याच्या दोन आठवडे आधी, १५ ऑगस्टला, डॉ. आंबेडकर 'मुलतान' बोटीने गेले होते. आदल्याच दिवशी मणिभवनात या दोघांची ती पहिली, कडवट भेट झाली होती. त्याआधी १९३० साली पहिल्या परिषदेला बाबासाहेब गेले ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'वरून. चरित्रांमध्ये ही नावे एका ओळीत येतात आणि बोट धक्क्यावरून हलली की मागे पडतात. पुढे त्या बोटींचे काय झाले हे सांगणे चरित्रकाराचे काम नव्हेच.

'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' नोव्हेंबर १९४२ मध्ये अल्जीरियातल्या ओरानजवळ पाणबुडीने बुडवली. 'राजपुताना' एप्रिल १९४१ मध्ये आइसलंडच्या पश्चिमेला, तीही पाणबुडीनेच. 'मुलतान'वरही तोफा चढल्या होत्या, पण ती वाचली. या सगळ्यांच्या आधी, युद्धाला तीन महिनेही झाले नसताना गेली ती 'राजपुताना'ची जुळी बहीण 'रावळपिंडी'. प्रवासी बोटीला तोफा लावून नौदलात घातले म्हणजे नेमके काय होते, तिच्याकडून कोणते काम होऊ शकते आणि कोणते होऊच शकत नाही, हे तिच्या शेवटच्या संध्याकाळइतके उघडपणे दुसऱ्या कुठल्याच प्रसंगात दिसत नाही. म्हणून हे प्रकरण.

बोट

पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीने १९२५ मध्ये हिंदुस्थानच्या डाकेसाठी एकसारख्या चार बोटी बांधून घेतल्या : रांची, रणपुरा, राजपुताना आणि रावळपिंडी. चारही नावे 'र'ची, म्हणून यांना 'आर' वर्गाच्या बोटी म्हणत. 'रावळपिंडी' स्कॉटलंडमध्ये ग्रीनॉकच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत बांधली गेली. २६ मार्च १९२५ रोजी तिला पाण्यात सोडले ते लेडी बर्कनहेड यांच्या हस्ते. त्यांचे यजमान तेव्हा भारतमंत्री होते. सुमारे १६,७०० टनांची ही बोट पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे मिळून सुमारे सहाशे उतारू घेई. वाफेच्या इंजिनांवर तिचा वेग १७ नॉट, म्हणजे ताशी साधारण ३१ किलोमीटर. लंडन ते मुंबई या फेरीला तेवढा पुरे होता. पुढे काय घडले ते समजायचे तर हा १७चा आकडा लक्षात ठेवावा लागेल.

पी अँड ओच्या बोटी चालत त्या आपल्याकडच्या माणसांवर. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी, त्यांच्यावर सारंग आणि तांडेल. खाली बॉयलरपाशी आगवाले, त्यांत पंजाब-सरहद्दीकडचे पुष्कळ. सलूनमध्ये आणि भटारखान्यात गोव्याचे तारवटी. बोट लागली की पुढची नोकरी मिळेपर्यंत ते मुंबईत आपापल्या गावच्या 'कुडा'त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, उतरत. कोकणात आणि गोव्यात 'बोटीवर असतो' एवढे सांगितले की पुढचे विचारावे लागत नसे, ते या आणि अशाच बोटींमुळे. नौदलाचा झेंडा चढला की मात्र जहाजावरचा माणसांचा संच बदलत असे. त्या बदललेल्या संचाची ही गोष्ट आहे.

तोफा का लावल्या

२६ ऑगस्ट १९३९ रोजी, युद्ध जाहीर व्हायला आठवडा असताना, ब्रिटिश नौदलाने 'रावळपिंडी' ताब्यात घेतली. कारण साधे होते. क्रूझर, म्हणजे दूरवर फिरू शकणाऱ्या मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका, पुरेशा नव्हत्या. साम्राज्य जगभर पसरलेले, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या तहांनी आणि काटकसरीने क्रूझरची संख्या आवळलेली. जर्मनीची नाकेबंदी करायची तर स्कॉटलंडपासून ग्रीनलंडपर्यंतचे थंड, वादळी पाणी रात्रंदिवस राखायला हवे. जर्मनीकडे जाणारे-येणारे प्रत्येक व्यापारी जहाज अडवायचे, माणसे पाठवून कागदपत्रे तपासायची, संशय आला तर ऑर्कनी बेटांवरच्या कर्कवॉल बंदरात न्यायचे. या कामाला चिलखत लागत नाही. लागते ते मोठे, उंच, खवळलेल्या समुद्रात टिकणारे आणि पुन्हा पुन्हा कोळसा-तेल न भरता आठवडेच्या आठवडे बाहेर राहू शकणारे जहाज. प्रवासी बोट नेमकी अशीच असते. पहिल्या महायुद्धातही याच पाण्यात याच कामाला प्रवासी बोटी लावल्या होत्या, आणि ते काम त्यांनी चांगले केले होते.

तेव्हा 'बिचारी प्रवासी बोट लढाईला जुंपली' या नेहमीच्या हळहळीत मी पूर्ण सामील होणार नाही. कल्पना मूर्खपणाची नव्हती. ती एका विशिष्ट कामापुरती शहाणपणाची होती. प्रश्न इतकाच की समुद्रावर समोर काय येईल ते आपण ठरवत नाही.

रूपांतर म्हणजे काय तर करड्या रंगाचा लेप, सलूनमधले सामानसुमान उतरवणे, डेक खालून टेकू देऊन मजबूत करणे आणि त्यावर सहा इंची आठ तोफा बसवणे. शिवाय विमानांवर मारा करायला तीन इंची दोन. सहा इंची तोफा जुन्या, मागच्या पिढीच्या युद्धनौकांवरून काढून ठेवलेल्या. त्या दोन्ही बाजूंना विभागून बसवलेल्या असल्यामुळे एका वेळी एका बाजूला साधारण चारच मारा करू शकत. खऱ्या युद्धनौकेत दारूगोळ्याची कोठारे पाण्याच्या पातळीखाली चिलखताआड असतात, तोफांचा नेम एका जागेवरून यंत्रांनी धरला जातो, मधल्या भिंती एक कप्पा फुटला तरी पाणी पुढच्यात जाऊ नये अशा घातलेल्या असतात. यातले काही चार आठवड्यांत उभे करता येत नाही. खिडक्यांच्या ओळींचे, लाकडी तावदानांचे ते उंच घर तसेच राहिले. लांबून दिसायला ठळक आणि पेटायला सोपे. सशस्त्र व्यापारी क्रूझर या नावाची इंग्रजी आद्याक्षरे एएमसी. खलाशांनी लवकरच त्याचा उलगडा 'ॲडमिरल्टी मेड कॉफिन्स' असा केला. नौदल खात्याने घडवलेल्या शवपेट्या.

माणसेही तशीच जमवलेली. राखीव दलातले, पेन्शनीतून परत बोलावलेले, व्यापारी बोटींवरून खास कराराने घेतलेले. कप्तान एडवर्ड कव्हर्ली केनेडी हे त्यांतलेच, वय ६०. त्यांची कथा थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. १९२१ मध्ये इंग्लंडात खाणकामगारांचा संप चालू असताना बोलावून घेतलेल्या राखीव नौसैनिकांच्या एका तुकडीने हुकूम मानायला नकार दिला. बरीच माणसे स्वतःच खाणवस्तीतली होती. त्याचे खापर त्यांच्यावरच्या अधिकाऱ्यावर, केनेडींवर, फुटले. कोर्टमार्शल झाले, ठपका आला आणि नौदलातली कारकीर्द संपली. त्यानंतर जवळजवळ दोन दशके जमिनीवर. युद्ध येताच त्यांनी पुन्हा नाव दिले आणि त्यांना ही बोट मिळाली. त्यांचा मुलगा लुडोविक तेव्हा विद्यार्थी होता. पुढे तोही नौदलात गेला आणि नंतर ब्रिटनमध्ये पत्रकार व लेखक म्हणून नावारूपाला आला.

ऑक्टोबरपासून 'रावळपिंडी' उत्तर गस्तीवर होती. १९ ऑक्टोबरला ग्रीनलंड आणि आइसलंडच्या मधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत तिने 'गॉन्झेनहाइम' हे जर्मन व्यापारी जहाज गाठले. ते सप्टेंबरच्या मध्यात ब्यूनॉस आयरिसहून निघाले होते. माणसे चढण्याआधीच जर्मन खलाशांनी ते स्वतः बुडवले. हातात काही लागले नाही, पण जर्मनीलाही काही मिळाले नाही. नाकेबंदीचा हिशेब असाच असतो. या कामापुरती बोट योग्य होती याचा हा पुरावा.

समोर कोण होते

२१ नोव्हेंबरला जर्मनीतल्या विल्हेल्म्सहाफेनहून 'शार्नहोर्स्ट' आणि 'ग्नाइझेनाउ' या दोन युद्धनौका निघाल्या. वर व्हाइस ॲडमिरल विल्हेल्म मार्शाल. उद्देश आइसलंड आणि फॅरो बेटांच्या मधल्या गस्तीच्या रांगेवर घाव घालायचा. असे केले की ब्रिटिश नौदलाचे लक्ष उत्तरेकडे वळेल आणि दक्षिण अटलांटिकमध्ये ज्या 'ग्राफ स्पे' या जर्मन युद्धनौकेच्या मागे जहाजांचे ताफे लागले होते, तिच्यावरचा दाब थोडा हलका होईल.

दोन्ही बाजूंचे आकडे एकदा शेजारी ठेवून पाहावेत. जर्मन नौकांपैकी प्रत्येकीवर २८ सेंटिमीटरच्या नऊ तोफा. एक गोळा सुमारे ३३० किलोचा. म्हणजे एका नौकेची एक फैर जवळपास तीन टन, दोघींची सहा. 'रावळपिंडी'च्या सहा इंची गोळ्याचे वजन ४५ किलो. चार तोफांची एक फैर १८० किलो. जर्मन नौकांच्या दुय्यम तोफाच, १५ सेंटिमीटरच्या, प्रत्येकीवर बारा होत्या, आणि त्या एकेक धरल्या तरी 'रावळपिंडी'च्या मुख्य तोफेच्या तोडीच्या. बाजूच्या चिलखताची जाडी ३५० मिलिमीटरपर्यंत. 'रावळपिंडी'ला चिलखत शून्य. आणि वेग ३१ नॉट. १७ नॉटची बोट ३१ नॉटच्या नौकेपासून पळाली तर तासाला सव्वीस किलोमीटरने अंतर तुटते. वीस किलोमीटरची आघाडी असली तरी ती पाऊण तासाची.

यात लढाई म्हणण्यासारखे काही नाही. त्यामुळे 'जिंकता आले असते का' हा प्रश्न सोडून द्यावा. प्रकरणातला खरा प्रश्न हा, की कप्तानाच्या हातात जी काही मिनिटे होती त्यांत त्याने काय वाचवायला हवे होते.

ती मिनिटे

२३ नोव्हेंबर, दुपारचे साडेतीन वाजून गेलेले. त्या अक्षांशावर नोव्हेंबरच्या अखेरीस ही संध्याकाळच असते. आइसलंड आणि फॅरो यांच्या मध्ये 'रावळपिंडी' एकटीच. एक मोठी युद्धनौका दिसली. केनेडींनी पहिला बिनतारी संदेश पाठवला त्यात तिचे वर्णन 'बॅटलक्रूझर', म्हणजे जड तोफांची वेगवान युद्धनौका, असे होते. काही क्षणांतच त्यांनी तो सुधारला : ही 'डॉइचलँड' आहे.

इथे थांबायला हवे, कारण या प्रकरणाची गाठ इथे आहे. पहिला अंदाज बरोबर होता. सुधारणा चुकीची. 'डॉइचलँड' ही 'ग्राफ स्पे'च्या जोडीची, त्याच २८ सेंटिमीटरच्या पण सहाच तोफांची नौका. युद्ध सुरू होण्याआधीच ती उत्तर अटलांटिकमध्ये गेली होती, तिथे तिने जहाजे बुडवली होती, 'सिटी ऑफ फ्लिंट' हे अमेरिकी जहाज पकडून सगळ्या जगाच्या वर्तमानपत्रांत गाजवले होते. ब्रिटिशांच्या समजुतीप्रमाणे ती अजून बाहेर होती आणि कधीतरी याच वाटेने घरी परतणार होती. गस्तीवरचा प्रत्येक कप्तान तिचीच वाट पाहत होता. प्रत्यक्षात ती नोव्हेंबरच्या मध्यालाच गुपचूप परतली होती. अंधुक उजेडात, समोरून येणारी, जर्मन घडणीची मोठी नौका दिसली आणि डोळ्यांनी जे पाहिले त्यावर मनात असलेल्या नावाने मात केली. यात केनेडींना दोष देणे मला जमत नाही. साठीचा माणूस, दुर्बीण, संधिप्रकाश, आणि मुख्यालयाने महिनाभर कानात घातलेले एकच नाव. दुसरा कोणीही असता तरी तेच म्हणाला असता. पण चूक ती चूक, आणि तिचा परिणाम पुढे दिसतो.

संदेश गेला हे मात्र निर्विवाद. कुठे आहोत, काय दिसले, हे पहिला गोळा पडण्याआधी ब्रिटनला कळले. गस्तीच्या बोटीचे जे एकमेव मोलाचे काम, ते तेवढ्यात पुरे झाले होते.

बोट वळवून, धूर सोडत, केनेडींनी निसटायचा प्रयत्न केला. धुक्याचा एक पट्टा होता, तिकडची वाट 'शार्नहोर्स्ट'ने तोडली. मग एका हिमनगाची आड घेण्याचा प्रयत्न झाला. दिव्याच्या खुणांनी 'थांबा' असा हुकूम येत होता. केनेडींनी तो मानला नाही. तेवढ्यात दुसऱ्या बाजूला आणखी एक जहाज दिसले. क्षणभर आशा वाटली की ही आपली क्रूझर असावी. ती 'ग्नाइझेनाउ' होती. या वेळी केनेडी आपल्या अधिकाऱ्यांना काय म्हणाले ते ब्रिटनमध्ये पुढे पुष्कळ सांगितले गेले. मतितार्थ असा : दोघींशीही लढू, त्या आपल्याला बुडवतील, आणि मग संपले, येतो. मला यातला 'येतो' सर्वांत खरा वाटतो. बाकीचे वाक्य घडवता येते, निरोप घडवता येत नाही.

चार वाजून गेल्यावर गोळीबार सुरू झाला, अंतर दहा किलोमीटरच्या आत. एवढे जवळ आल्यामुळे 'रावळपिंडी'च्या जुन्या तोफांचा पल्ला निदान पोहोचत तरी होता. पूर्ण उजेडात जर्मनांनी दूर राहूनच काम संपवले असते. तिच्या एका गोळ्याने 'शार्नहोर्स्ट'ला गाठले, किरकोळ इजा झाली. जर्मनांच्या सुरुवातीच्या फैरींनीच बोटीच्या वरच्या भागाची आणि तोफांच्या एकत्रित नियंत्रणाची वाट लागली. त्यानंतर एकेका तोफेचे लोक आपापल्या नेमाने मारत राहिले. अर्ध्या-पाऊण तासाच्या आत सगळ्या तोफा थंडावल्या होत्या. बोट मात्र लगेच बुडाली नाही. काही तास ती पेटत राहिली आणि रात्री आठच्या सुमाराला गेली. केनेडींसह २३८ माणसे मेली.

आता घडले ते कुठल्याही लेखकाने रचले असते तर बेतलेले वाटले असते. मार्शाल यांनी पाण्यातल्या माणसांना उचलायला आपली जहाजे थांबवली. होड्यांमधली माणसे वर घेणे चालू असताना ब्रिटिश क्रूझर 'न्यूकॅसल' तिथे पोहोचली. गस्तीच्या रांगेत तिची जागा शेजारचीच होती, आणि केनेडींचा संदेश ऐकून ती धावत आली होती. जर्मन नौकांनी बचावकार्य तिथेच सोडले आणि त्या अंधारात, पावसाच्या सरीआड निघून गेल्या. म्हणजे माणसे वाचवायला थांबल्यामुळे शत्रू सापडला, आणि शत्रू सापडल्यामुळे माणसे वाचवणे थांबले. पाण्यात उरलेल्यांपैकी ११ जण नंतर 'चित्रल'ने उचलले. 'चित्रल'ही पी अँड ओचीच, तोफा लावलेली प्रवासी बोट.

'न्यूकॅसल'ला त्या वेळी रडार नव्हते. समोर दोन जड नौका, आपण एक हलकी क्रूझर. तिने दुरून माग ठेवायचा शहाणा निर्णय घेतला, आणि पावसात तो माग सुटला. वर्ष-दीड वर्षाने अशी क्रूझर रडारच्या पडद्यावर पाठलाग करू शकली असती. १९३९च्या नोव्हेंबरात सगळी भिस्त माणसाच्या डोळ्यांवर होती.

संदेशाचे पुढे काय झाले

ब्रिटिश मुख्य आरमार त्या वेळी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लाइड खाडीत होते. खरे तर त्याची जागा उत्तरेला, ऑर्कनीतल्या स्कापा फ्लोमध्ये. पण १४ ऑक्टोबरला यू-४७ या पाणबुडीने त्याच बंदरात शिरून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली होती आणि बंदर असुरक्षित ठरले होते. त्यामुळे 'रावळपिंडी'चा संदेश आला तेव्हा मोठ्या नौका जितक्या जवळ असायला हव्या होत्या त्याहून बऱ्याच दूर होत्या. सेनापती ॲडमिरल फोर्ब्स 'नेल्सन' आणि 'रॉडनी' घेऊन निघाले. हॅलिफॅक्सच्या ताफ्याबरोबर असलेली 'वॉरस्पाइट' डेन्मार्क सामुद्रधुनीकडे वळवली. इंग्लिश खाडीकडून 'हूड' आणि फ्रेंच 'डंकर्क' पाठवल्या. एका प्रवासी बोटीच्या दोन ओळींच्या संदेशाने अर्धे अटलांटिक हलले.

पण सगळे हलले ते 'डॉइचलँड' शोधायला, तेही एकटी. 'न्यूकॅसल'ने दोन जहाजे पाहिली होती, तरी दुसरे कोणते असेल याबद्दल धूसरताच राहिली. मार्शाल उत्तरेकडे सरकून वाईट हवामानाची वाट पाहत थांबले. जर्मनांच्या संकेतभेद विभागाला ब्रिटिश नौदलाचे काही संदेश वाचता येत होते, त्याचाही त्यांना उपयोग झाला. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळून, वादळात, ते गाळणीतून निसटावे तसे निसटले आणि २७ नोव्हेंबरला विल्हेल्म्सहाफेनला पोहोचले. शोधाशोधीचा आणखी एक हप्ता नंतर चुकता झाला : ४ डिसेंबरला स्कॉटलंडमधल्या लॉक यू बंदरात शिरताना 'नेल्सन' सुरुंगावर आदळली आणि काही महिने निकामी झाली.

संदेशात 'डॉइचलँड'ऐवजी पहिला शब्द तसाच राहिला असता तर? फार फरक पडला असता असे मी म्हणणार नाही. हवा तीच राहिली असती, रडार नव्हतेच. पण गस्तीवरच्या बाकीच्या एकेकट्या बोटींना, आणि फोर्ब्सना, समोर किती मोठे संकट फिरते आहे हे कळले असते. त्या चार दिवसांत दुसऱ्या एखाद्या प्रवासी बोटीची गाठ पडली नाही हे नशीब.

जर्मन बाजूलाही हे प्रकरण यशस्वी म्हणून नोंदवले गेले नाही. गस्तीची रांग उलगडत जायचा बेत होता, पण एका बोटीवरच मोहीम संपली, आणि एका क्रूझरला पाहून दोन युद्धनौकांनी पाठ फिरवली म्हणून जर्मन नौदलाच्या मुख्यालयात मार्शाल यांच्यावर टीका झाली. मला ती टीका किनाऱ्यावर बसून केलेली वाटते. अंधारात क्रूझरच्या मागे टॉर्पेडो सोडणाऱ्या विनाशिका असतील का नसतील, हे त्यांना कुठे ठाऊक होते? 'ग्राफ स्पे'वरचा दाब कमी करण्याचा हेतूही साधला नाही. १७ डिसेंबरला माँटेव्हिडिओबाहेर तिच्याच कप्तानाने ती बुडवली.

लढायला हवे होते का

शरण जाण्याचा पर्याय होता का? कागदावर होता. दिव्याने हुकूम येत होता, संदेश गेला होता, बोट स्वतःच्या हाताने बुडवून होड्यांत उतरता आले असते. 'गॉन्झेनहाइम'च्या जर्मन खलाशांनी महिन्यापूर्वी याच बोटीसमोर नेमके तेच केले होते आणि त्यांच्या माणसांचे जीव वाचले होते. पण ते व्यापारी जहाज होते. 'रावळपिंडी'वर नौदलाचा झेंडा होता. हा फरक केवळ कापडाचा, असे आज म्हणणे सोपे आहे.

तुलनेला 'जर्व्हिस बे' घ्यावी लागते. तीही प्रवासी बोट, तशाच जुन्या तोफा. ५ नोव्हेंबर १९४० रोजी ३७ जहाजांच्या ताफ्याबरोबर ती एकटीच संरक्षक होती आणि समोर आली 'ॲडमिरल शेअर' ही जर्मन युद्धनौका. कप्तान फीगन सरळ तिच्यावर चालून गेले. बोट बुडाली, ते गेले, पण तेवढ्या वेळात ताफा पांगला आणि बहुतेक जहाजे वाचली. फीगन यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. केनेडींच्या पाठीशी ताफा नव्हता. त्यांनी विकत घेतलेल्या मिनिटांचे मोल कुणाच्या वाचलेल्या जिवांत मोजून दाखवता येत नाही. पंतप्रधान चेंबरलेन यांनी पार्लमेंटात गौरव केला, देशभर नाव झाले. पण केनेडींच्या वाट्याला आला तो फक्त सरकारी खलित्यातला उल्लेख.

हिशेब एवढाच लावायचा तर फीगन यांचे पारडे जड, हे मान्य. तरीही एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. केनेडींनी थांबायला नकार देऊन, धूर सोडत, वळत, झुंजत जो वेळ काढला, त्याच वेळात 'न्यूकॅसल' अंतर कापत होती. ते लगेच शरण गेले असते तर जर्मनांनी माणसे सावकाश उचलली असती किंवा नसती, पण क्रूझर येण्याआधी त्या दोघी पुढच्या बोटीच्या शोधात निघाल्या असत्या. रांगेतली पुढची बोट कदाचित 'चित्रल' असती.

पुढच्या दीड वर्षात नौदलाला समजले की सशस्त्र व्यापारी क्रूझरचा खरा कर्दनकाळ युद्धनौका नव्हे, पाणबुडी आहे. युद्धात अशा १५ बोटी गेल्या. त्यांतल्या १० पाणबुड्यांनी घेतल्या; शत्रूच्या जहाजांशी झुंजून गेल्या त्या तीनच, 'रावळपिंडी', 'जर्व्हिस बे' आणि 'व्हॉल्टेअर'. एक आगीत गेली आणि 'हेक्टर' एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो बंदरात जपानी विमानांच्या हल्ल्यात. टॉर्पेडो लागल्यावर बोट तरंगत राहावी म्हणून पुढे मालाच्या कोठारांत रिकामी पिंपे ठासून भरू लागले. त्याचा उपयोग होई, पण तो बुडायला उशीर लागण्यापुरता. जसजशा खऱ्या क्रूझर आणि नव्या रक्षक नौका मिळू लागल्या तसतशा या बोटी सैनिक वाहण्याच्या कामाला लागल्या. ते त्यांचे जुनेच काम, फक्त उतारू वेगळे.

'राजपुताना' १३ एप्रिल १९४१ रोजी यू-१०८ने डेन्मार्क सामुद्रधुनीत बुडवली. चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यांत कमांडर रिचर्डसन होते. नौदलात जाण्याआधी, बोट डाक आणि उतारू नेत असताना, तिचे शेवटचे कप्तान तेच होते. 'रणपुरा'चे नौदलाने दुरुस्तीजहाज केले आणि ते १९६१पर्यंत टिकले. 'रांची' युद्धातून निभावली, तिच्या तोफा उतरवल्या, आणि १९५३ मध्ये मोडीत निघेपर्यंत ती इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबे नेत राहिली.